नदीवर ऊन खाले

आमच्याकडे हिवाळ्यात ऊन खातात. कुठं कुठं शेकत असतील, पण माझी माय कायम खा असंच म्हणते, "जाय, अंगणात बसून जरा ऊन खा." दिवाळी झाली की सकाळी नऊ-दहाच्या टायमाला अर्धं गाव कुठल्यातरी भिंतीला पाठ लावून बसलेलं दिसतं, कानाला दुपट्टा बांधलेला, हातात चहा, कोणी काही बोलत नाही. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, ती गेली की मग उन्हापासून पळायचंच असतं, मे महिन्यात ४५-४६ डिग्रीला कोण ऊन खातो. म्हणजे मिळतात ते साडेतीन महिने. त्या साडेतीन महिन्यांत मी वीसेक वर्षं आठवड्यातून एकदा तरी नदीवर जात आलोय आणि घरी विचारलं की सांगत आलोय, नदीवर ऊन खाले चाललो. ते खोटं कधीच नव्हतं, अर्धं होतं. आज उरलेलं अर्धं लिहितोय.

नदी म्हणजे वर्धा. मुलताईजवळ सातपुड्यात निघते आणि आमच्या इथं येईपर्यंत अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची हद्द झालेली असते, अलीकडे तिवसा तालुका, पलीकडे आर्वी. गावाचं नाव लिहीत नाही. माझं लपवायचं वय गेलं पण तिथं येणाऱ्या बाकीच्यांना घरदार आहे. नदी एका ठिकाणी मोठं वळण घेते आणि वळणाच्या आतल्या अंगाला पुराचा गाळ बसत बसत एक सपाट पट्टा झालाय, सरकारी ई-क्लास, म्हणजे गायरान, सातबाऱ्यावर कोणा माणसाचं नाव नाही. पावसाळ्यात तिथं छातीएवढं गवत होतं, दिवाळीनंतर गुरांनी खाऊन आणि लोकांनी कापून ते गुडघ्याएवढं राहतं आणि पिवळं पडतं. गावाकडच्या बाजूनं बेशरमाची दाट रांग आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, फिकट जांभळ्या भोंग्यासारख्या फुलांचं ते झुडूप, नाल्याकाठी नदीकाठी कुठंही येतं, तोडून टाकलेल्या फांदीतून परत उगवतं, विषारी असल्यामुळे ढोरं तोंड लावत नाहीत. या बेशरमानं आम्हाला इतकी वर्षं आडोसा दिला. रस्त्यावरून पाहिलं तर नुसती फुलं दिसतात.

मी पहिल्यांदा गेलो तो २००४ चा डिसेंबर. बावीस वर्षांचा होतो, बीए झालं होतं, बाबांसोबत वावर पाहत होतो, कापसाची वेचणी चालू होती. आठवडी बाजाराचा दिवस, आणि बाजाराच्या दिवशी माणूस चार तास कुठं होता हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. मी खरंच पाय धुवायला उतरलो होतो. गवतात एक माणूस पडला होता, तीस-बत्तीसचा, कमरेच्या वर उघडा, खाली दुपट्टा अंथरलेला, हात डोक्याखाली, डोळे मिटलेले. उघडा माणूस काही मी पहिल्यांदा पाहत नव्हतो, वावरात, विहिरीवर, सगळे उघडेच असतात. पण ते काम करत असतात नाहीतर अंग धूत असतात. हा काहीच करत नव्हता. आजारी नाही, दारू प्यालेला नाही, नुसता उन्हात पडलाय आणि कोणी पाहील याची त्याला काळजी नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी उभाच राहिलो. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "टाइम किती झाला जी?" मी घड्याळ पाहून सांगितला. दोन मिनिटांनी त्यानं परत विचारलं, "टाइम किती झाला?" दुसऱ्यांदा विचारला तेव्हा मला कळलं की याला टाइम नकोय.

मी बसलो. पाचेक हातावर. त्या दिवशी तेवढंच झालं, बसलो, शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि मानेवर ऊन घेतलं. निघताना तो म्हणाला, "पुढच्या बाजाराले येजो."

पुरुषांनी पुरुषांना असं उघड्यावर भेटणं, शहरात याला क्रूझिंग म्हणतात, एचआयव्हीवर काम करणारे संस्थावाले साइट म्हणतात, हॉटस्पॉट म्हणतात. आमच्यात आपलं नदीवर जाणं. तिथं नियम कोणी लिहिलेले नव्हते पण सगळ्यांना माहीत होते. गाडी दोन बाभळींच्या मध्ये लावायची, रस्त्याला दिसेल अशी नाही. आल्या आल्या कोणाजवळ जायचं नाही, आपला दुपट्टा अंथरायचा, शर्ट काढायचा, पडायचं. मग कोणीतरी पाहतं, नजर काढून घेतं, परत पाहतं. कोणी माचिस मागतं. कोणी टाइम विचारतं. आणि ज्याला नको असेल त्यानं दुपट्टा तोंडावर ओढायचा, एवढं केलं की समोरचा उठून दुसरीकडे जायचा, त्यावर कोणी दुसऱ्यांदा खोकलत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण मी लग्नाच्या वरातीत, एसटीच्या गर्दीत, हॉस्टेलवर, सगळीकडे पाहिलंय की माणसाचं नको कसं ऐकलं जात नाही, आणि त्या गायरानात ते ऐकलं जायचं. अजून एक होतं. धुण्याचा घाट वरच्या अंगाला आहे, तिथं बाया असतात, आणि गुराखी पोरं कधी कधी खाली उतरतात. पोरांचा आवाज आला की सगळे शर्ट घालून, बिडी पेटवून, हरभऱ्याच्या गोष्टी करत बसायचे. लेकराबाळांसमोर काही नाही, बेशरमाच्या अलीकडे काही नाही. जो हे पाळायचा नाही त्याला दुसऱ्यांदा कोणी बसू द्यायचं नाही.

बेशरमाच्या मागं जे व्हायचं ते व्हायचं, ते नाकारत नाही. पण लोकांना वाटतं की तेवढ्यासाठीच सगळे जातात, आणि ते चूक आहे. चार तास गेलो तर साडेतीन तास आम्ही नुसते पडलेले असायचो. काही जण कधीच झुडपामागं गेले नाहीत, वर्षानुवर्षं यायचे आणि उन्हात पडून जायचे. एक एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर होते, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, ते फक्त यायचे, बंडी काढायचे, पाठ उन्हाला द्यायचे आणि आमच्या गोष्टी ऐकायचे.

अंगाबद्दल सांगायचं आहे. वावरात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर बनियनचा छापा असतो. हात, मान, गळ्याखालचा त्रिकोण काळा कुळकुळीत आणि बाकी छाती-पाठ फिकी, जन्मापासून ऊन न पाहिलेली, की बनियन काढलं तरी ते घातल्यासारखंच दिसतं. पहिल्या वर्षी मला माझ्या त्या छाप्याची लाज वाटायची. नंतर लक्षात आलं की सगळ्यांनाच आहे, कास्तकाराला, रेतीच्या ट्रॅक्टरवाल्याला, कृषी केंद्रात बसणाऱ्याला थोडा कमी, मास्तरला अगदीच कमी, आणि त्यावरून कोण काय करतो ते न विचारता कळायचं. डिसेंबरात त्या फिक्या चामडीवर पहिलं ऊन पडलं की आधी काटा येतो, मग चुणचुण होते, मग तासाभरानं आतून गरम वाटायला लागतं, आणि शिवरात्रीपर्यंत छाप्याच्या कडा पुसट होतात. माझ्या अंगाचा जो भाग मी स्वतः कधी धड पाहिला नव्हता तो दुसऱ्या माणसानं दिवसाढवळ्या पाहिला आणि तोंड फिरवलं नाही, याचं मला किती झालं हे कसं सांगू. अंधारात तर सगळ्यांनाच सगळं चालतं. अंधारात मला शाळेपासून हात लावणारे होते, आणि दिवसा तेच वर्गात हसायचे.

नावं कोणी विचारायचं नाही. माणूस ज्या गावाहून यायचा तेच त्याचं नाव. पुलगाव, चांदूर, आर्वी, धामणगाव. "आर्वी आला का?" "नाई, आर्वीच्या घरी लग्न हाये." माझा तो पहिला टाइम विचारणारा मोर्शी होता. त्याचा संत्र्याचा बगिचा होता आणि आंबिया बहाराच्या दिवसांत तो पिशवीभर संत्री आणायचा. आम्ही उन्हात पडून संत्री खायचो, बोटांना सालाचा तेलकट वास लागायचा, तो संध्याकाळी जेवतानाही जायचा नाही, आणि मला वाटायचं की हे घरात सगळ्यांना येत असेल, सगळ्यांना कळत असेल. माझी कितीतरी वर्षं संत्र्याच्या वासात गेली. आजही बाजारात कोणी संत्रं सोललं की मी थांबतो.

आणि कुसळं. ज्यांनी कुरणात पाय ठेवलाय त्यांना सांगायला नको, कुसळीचं गवत वाळलं की तिचं कुसळ कपड्यात शिरतं आणि मग ते काढणं म्हणजे एक एक धरून ओढणं. पुढं सुईसारखं टोक, मागं लांब काळपट शेपूट, आणि ती शेपूट पिळलेली असते. मोर्शीनं मला एकदा दाखवलं, एक कुसळ तळहातावर ठेवलं आणि ओल्या बोटानं वर थेंब सोडला. काही क्षण काही झालं नाही, मग ती शेपूट हळूहळू आपोआप फिरायला लागली, पीळ सुटत गेला, कोणी हात न लावता, एखादा झोपलेला माणूस कूस बदलतो तशी. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, अशीच ती फिरत फिरत बी जमिनीत घुसवते. आम्ही अर्धा तास त्या एका कुसळावर घालवला. त्याचं डोकं माझ्या खांद्याला लागलेलं होतं.

ही कुसळं घरी यायची. माय रात्री दिव्याखाली बसून माझ्या दुपट्ट्यातली कुसळं वेचायची आणि चुलीत टाकायची. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, कुठी गेलता रे, मी सांगितलं, ऊन खाले. नंतर बरीच वर्षं विचारलं नाही. एकदाच, वेचता वेचता मान वर न करता म्हणाली, "तिथं सोबत कोणी रायते का रे?" मी म्हटलं, रायते. "मंग बरं हाये. एकट्यानं नदीवर जाऊ नाई." माझ्या लग्नाचा विषय तिनं त्यानंतर कधी काढला नाही, काढला तो बाकीच्यांनी.

आता लोक अॅपवर बोलतात, आणि अॅपवर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, प्लेस आहे का? तुला आहे? नाही. मला पण नाही. मग चॅट तिथंच संपतं. मुंबईत पुण्यात पण हाच प्रश्न आहे म्हणतात, पण आमच्याकडे तो जरा जास्तच आहे. घरात सहा-सात माणसं, दोन खोल्या, एक ढाळज, कडी आतून लावली की बाहेरून कोणीतरी विचारणार, बरं नाही का रे. तालुक्याच्या लॉजवर दोन जवळच्या गावचे पुरुष दुपारी खोली मागतात म्हटलं की काउंटरवरचा माणूस आधार कार्डाकडे पाहतो, मग चेहऱ्याकडे पाहतो, आणि तो आपल्या मामाच्या ओळखीचाच निघतो. वावरातल्या झोपडीत जागलीला भाऊ. ज्याला इतरांच्या आयुष्यात घर म्हणतात, खोली म्हणतात, तेवढ्यासाठी आम्हाला नदी होती. म्हणून मला राग येतो जेव्हा शिकलेली, आपल्यातलीच मुलं म्हणतात की उघड्यावर जाणं घाणेरडं आहे, त्यानं समाजात आपलं नाव खराब होतं. त्यांच्या फ्लॅटला आतून कडी लागते. मी त्यांचं वाईट चिंतत नाही, पण त्यांनी एकदा डिसेंबरात इथं येऊन पडावं आणि मग सांगावं.

कायद्याचं सांगतो, कारण तो आमच्या अंगावर बसलेला होता. १८६० च्या दंड संहितेतलं ३७७ कलम, पुरुषाचा पुरुषाशी संबंध आला तर दहा वर्षांपर्यंत नाहीतर जन्मठेप. २००९ च्या जुलैत दिल्ली हायकोर्टानं ते सज्ञान माणसांच्या संमतीपुरतं बाजूला केलं, आम्हाला ते पेपरातल्या एका कॉलमातून कळलं. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ते परत आणलं, तेव्हा ऐन हंगाम होता, त्या आठवड्यात नदीवर आम्ही दोघंच होतो. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला ते गेलं. गुरुवार होता, पोळ्याला तीन दिवस होते, मी बैलांसाठी नवा कासरा घ्यायला गेलो होतो आणि दुकानात उभा राहून फोनवर वाचलं. दुकानदार म्हणाला, काय झालं, डोळ्यात पाणी काऊन? मी म्हटलं, कचरा गेला. पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, १० सप्टेंबरला एचआयव्हीचा २०१७ चा कायदा लागू झाला, त्यानं संमतीशिवाय टेस्ट करायला आणि त्यावरून कोणाला कामावरून, दवाखान्यातून हाकलायला बंदी केली. त्या बातमीकडे कोणी पाहिलं नाही. आमच्यासाठी ती पण तेवढीच मोठी होती, कारण आमच्यातला एक जण पाच वर्षं गोळ्या घेत होता आणि गावात ती बाटली गव्हाच्या कोठीत लपवत होता. टेस्ट सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात, फुकट होते, गोळ्या पण फुकट मिळतात, आणि विचारायचंच असेल तर १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. नदीवर जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि इथं पण सांगून ठेवतो.

पण ३७७ गेलं म्हणून गायरान काही आमचं झालं नाही. उघड्यावर अश्लील वर्तनाचं कलम आधी २९४ होतं, आता न्याय संहितेत २९६ आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११० आहे, आणि उन्हात शर्ट काढून पडणं म्हणजे वर्तन की नुसतं पडणं हे समोर उभा राहणारा ठरवतो. आणि १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली त्यात ३७७ पूर्णच गळालं, म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या पुरुषावर जबरदस्ती झाली तर त्यासाठीचं जे एक कलम उरलं होतं ते पण राहिलं नाही. हे मला फार लागलं. आम्हाला मोकळं करताना आमचं संरक्षण पण काढून घेतलं.

जबरदस्तीचा विषय निघाला म्हणून. जानेवारी २०१६. मी आणि मोर्शी पडलो होतो, साधे पडलो होतो, मध्ये संत्र्याची सालं. तीन जण दोन गाड्यांवर आले, एकाच्या अंगावर खाकी पॅन्ट, त्यानं सांगितलं मी पोलीस आहे. होता की नव्हता, पुढं काहीच कळलं नाही. फोटो काढले, मोर्शीच्या दोन कानाखाली दिल्या, ३७७ लावतो, घरी नेतो, गाडीला बांधून गावातून फिरवतो. मोर्शी काहीच बोलला नाही, तो फक्त शर्ट शोधत होता, उलटा झालेला शर्ट त्याला सरळच करता येईना, बाहीत हात जाईना, ते मला अजून दिसतं. माझ्याकडे कापसाच्या चुकाऱ्याचे पाच हजार होते ते घेतले, त्याचा फोन घेतला. जाताना एकानं सालं पायानं तुडवली. बस एवढंच झालं, कोणी मेलं नाही, कोणाचं हाड मोडलं नाही. पण मोर्शी त्यानंतर कधी आला नाही.

त्याचं लग्न २०११ मध्ये झालं होतं. मी त्याबद्दल त्याच्याशी भांडलो नाही आणि आता वाटतं भांडायला पाहिजे होतं, माझ्यासाठी नाही, त्या बाईसाठी. नदीवर येणाऱ्यांतले अर्ध्याहून जास्त लग्नाचे होते. त्यांच्या बायका त्या वेळी वेचणीला गेलेल्या असायच्या, ओटीत कापूस भरत, आणि त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. आणि ज्या बायांना बाईच आवडते त्यांचं तर काय, त्यांना कुठलं गायरान आहे, त्या नदीवर जातात त्या धुणं घेऊन आणि धुणं झालं की परत. आमची चोरून मिळवलेली जागा पण पुरुषाची म्हणूनच मिळाली होती, हे विसरून तिचं कौतुक करावंसं वाटत नाही.

मोर्शी एकदा म्हणाला होता ते सांगतो. आमच्या वळणापासून कौंडण्यपूर फार लांब नाही, रुक्मिणीचं माहेर, तिथून पंढरपूरला पालखी जाते. रुक्मिणीनं कृष्णाला चिठ्ठी पाठवली, भागवतात ती सात श्लोकांची आहे, की माझं लग्न दुसऱ्याशी ठरवलंय, तू ये आणि मला घेऊन जा, अंबेच्या दर्शनाला जाईन तिथं भेट. अमरावतीला लोक मानतात की ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी. मोर्शी पोटावर पडून गवत तोडत म्हणाला, "तिनं लिहिली म्हनून झालं. आपुन कोणाले लिहाव?" मी तेव्हा काही बोललो नाही. मला लिहावी, मोर्शी. मी आलो असतो.

तो परत दिसला तो कौंडण्यपूरलाच, कार्तिकाच्या यात्रेत. बायको सोबत होती, मुलगी बोटाला. आम्ही दोघं हरभऱ्याच्या पेरणीबद्दल बोललो. मग त्यानं मुलीला सांगितलं, "काकाले नमस्कार कर." तिनं वाकून केला. तिच्या हातात संत्र्याच्या गोळ्या होत्या, तिनं मला एक दिली.

चांदूर, म्हणजे आमच्यातला चांदूरवाला, शिकून इंजिनिअर झाला आणि आता जर्मनीत म्युनिकला आहे. तो उन्हाळ्यात इसार नदीवरून व्हिडिओ कॉल करतो. तिथं फ्लाउखर म्हणून नदीकाठचा भाग आहे, गोट्यांचे मोठे मोठे पट्टे, बाजूला गवत, शहराच्या आतच, आणि लोक तिथं पूर्ण उघडे ऊन घेतात, पुरुष पुरुषाच्या शेजारी पडलेला असतो, थोड्या अंतरावर कुटुंबं बसून मांस भाजत असतात आणि कोणी कोणाचा फोटो काढत नाही. मला वाटलं होतं त्यांचं पहिल्यापासूनच असं असेल. तसं नाहीये. त्यांच्याकडे आपल्या ३७७ सारखं १८७१ पासून १७५ नावाचं कलम होतं, नाझींनी १९३५ मध्ये ते अजून कडक केलं, म्युनिकच्या बाजूलाच डाखाऊला त्यांची यातनाछावणी होती, तिथं आमच्यासारख्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवायचे. युद्ध संपल्यावर पण पश्चिम जर्मनीत ते कलम तसंच ठेवलं, हजारो लोक आत गेले, १९६९ मध्ये ढिलं केलं आणि पूर्ण काढलं १९९४ मध्ये. आणि मग २०१७ मध्ये जुन्या शिक्षा रद्द केल्या, जे जिवंत होते त्यांना पैसे दिले. ते ऐकून मी चांदूरला म्हटलं, म्हणजे सरकार चूक झाली म्हणू शकतं. तो म्हणाला, हाव.

अजून एक गोष्ट त्यानं सांगितली ती मला जास्त लागली. त्या इसार नदीला पण एकेकाळी बांधून सरळ नाल्यासारखं करून टाकलं होतं. २००० ते २०११ मध्ये त्यांनी शहरातला आठ किलोमीटरचा तुकडा परत मोकळा केला, काठ फोडून उताराचे केले, गोटे नदीच्या मर्जीनं सरकू दिले. म्हणजे लोक आज जिथं पडतात त्यातली बरीच जागा नदीला परत दिलेली आहे. आणि आमच्या इथं रात्री दोन वाजता ट्रॅक्टर उतरतात. रेतीघाटाचा लिलाव होवो न होवो, रेती जातेच. पात्रात पुरुषभर खोल खड्डे झालेत, पूर आला की धार काठाला लागते आणि काठ ढासळतो. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ते त्या खड्ड्यांतून कुठून वळेल सांगता येत नाही. आमचं गायरान दर पावसाळ्याला थोडं थोडं जातंय, ज्या बाभळींमध्ये गाड्या लावायचो त्यातली एक दोन वर्षांपूर्वी नदीत गेली. नदीच्या पोटात डांगरवाड्या लावणारे ढिवर पण कमी झाले, रेतीच नाही तर डांगर कुठं लावतील. माणसं तर कमी झालीच. आबाजी वारले. पुलगाव येत नाही. पोरं फोनवर असतात, आणि फोनवर भेटायला बोलावून लुटणाऱ्या टोळ्या आता नदीवरच्या त्या तिघांपेक्षा हुशार आहेत, आधी चार दिवस गोड बोलतात.

या डिसेंबरात मी बाजाराच्या दिवशी गेलो. दुपट्टा अंथरला, शर्ट काढला. माझ्या छातीवरचे केस पांढरे झालेत, बनियनचा छापा मात्र तसाच आहे. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता, पलीकडच्या वावरातून तुरीचा वास येत होता. तासभर कोणी नाही. मग काठानं एक पोट्टा पळत आला, एकवीस-बावीसचा, पोलीस भरतीची तयारी करणारे पळतात तसा, अंगात घामानं भिजलेलं टी-शर्ट. माझ्यापुढून गेला, वळणापर्यंत जाऊन परत आला. थांबला. कमरेवर हात ठेवून श्वास घेत नदीकडे पाहत राहिला. मोबाईल त्याच्या हातातच होता, स्क्रीन चालू.

"काका, टाइम किती झाला जी?"

मी त्याच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सांगितला. म्हटलं, बस.

तो पाचेक हातावर बसला. टी-शर्ट काढलं नाही, नुसतं पोटावरून जरा वर केलं आणि परत खाली ओढलं. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं, नदीकडे पाहून बोलत राहिलो. गाडी घेऊन आला तर कुठं लावायची ते सांगितलं. कोणी खाकीतला आला तर फोन देऊ नको, गाडीचा नंबर पाहून ठेव, आणि घाबरून पळू नको. दुपट्टा तोंडावर घेण्याचं सांगितलं. १०९७ सांगितला. तो सगळं हूं हूं करत ऐकत होता, कान लाल झाले होते. मग त्यानं विचारलं, "इथं पह्यले लोक येत होते म्हनते?"

"येत होते."

"तुमचं कोणी होतं का?"

मी म्हटलं, होतं. मोर्शीचा होता.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग टी-शर्ट काढलं, घडी करून डोक्याखाली घेतलं आणि उताणा पडला. त्याच्या अंगाला छापा नव्हता, वावरात जात नसणार. आम्ही दीड तास तसे पडलो होतो, बोललो नाही काही. तीन वाजता ऊन उतरायला लागलं तेव्हा मी उठून बसलो आणि शर्ट हातात घेतला.

"थांबा काका," तो म्हणाला, "पाठीले कुसळं लागले तुमच्या."

आणि मागं गुडघ्यावर बसून एक एक काढायला लागला.